एका वाद्याच्या चार आवृत्त्या

ग्रंथपरीक्षण लिहितांना टीकाकारास एक मोठी सोय असते. ग्रंथ एक असतो, त्याचा कर्ता बहुधा एक असतो, आणि छापखान्यांतून बाहेर पडलेली प्रत पुण्यांत वाचली काय किंवा भाईंदरास वाचली काय, तिच्यांतील मजकूर बदलत नाहीं. आज ज्या कृतीचें परीक्षण आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों, तिच्या बाबतींत ही सोय नाहीं. ती कृति ग्रंथ नसून संगणकावर चालणारें एक वाद्य आहे; किंबहुना वाद्यें घडविण्याची ती एक कार्यशाळा आहे, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. तिचें नांव 'प्युअर डेटा'. जाणकार तीस नुसतें 'पीडी' म्हणतात. ती कोणासही फुकट मिळते, तिचा अंतर्भाग कोणासही उघडून पाहतां येतो, आणि तींत फेरफार करून आपली निराळी प्रत लोकांस वांटण्याची मुभा कर्त्यानें स्वतःच दिलेली आहे. या मुभेचा परिणाम असा झाला कीं, एकाच कुळींतील अनेक प्रती प्रचारांत आल्या. नवशिक्यास पहिला प्रश्न पडतो तो हें वाद्य वाजवावें कसें हा नव्हे. यांतील कोणतें घरीं आणावें, हा होय.

प्रश्न वरवर पाहतां बाजारहाटाचा दिसतो. परंतु ज्यानें एखादी रचना जीव ओतून केली, आणि दहा वर्षांनीं ती उघडावयास जातां जिचा अर्धा भाग मुका निघाला, त्यास हा प्रश्न रचनेच्या आयुष्याचा आहे हें पुरतें समजतें. पोथीस वाळवी लागते तशी या कृतींसही लागते. फरक एवढाच कीं, ही वाळवी पान उलटीपर्यंत दिसत नाहीं. म्हणून या चार आवृत्त्यांचा गुणदोषविचार वाङ्मयाच्या मासिकांत होणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

प्रथम या वाद्याची कुळकथा थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पॅरिस येथील 'इर्काम' या संगीतसंशोधनसंस्थेंत १९८० नंतरच्या दशकांत मिलर पकेट या अमेरिकन गणितज्ञानें 'मॅक्स' नांवाचें एक सॉफ्टवेअर रचिलें. संगणकसंगीताचे आद्य प्रवर्तक मॅक्स मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ त्यास तें नांव दिलें गेलें. पुढें तें व्यापारांत उतरलें, आणि आजही तें विकतच घ्यावें लागतें. पकेट अमेरिकेस परतून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेंत अध्यापक झाले, आणि तेथें १९९६ सालीं त्यांनीं त्याच तत्त्वावर नवी रचना करून ती सर्वांस खुली केली. हीच 'प्युअर डेटा'.

तिचें तत्त्व समजण्यास गणित लागत नाहीं. पडद्यावर एक कोरा कागद येतो. त्यावर चौकटी मांडावयाच्या, प्रत्येक चौकटींत तिच्या कामाचें नांव लिहावयाचें, आणि एका चौकटीच्या तळापासून दुसरीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढावयाची. एक चौकट कंप निर्माण करते, दुसरी त्याचा जोर कमीअधिक करते, तिसरी तो कंप कर्ण्याकडे धाडते. रेघ जोडतांच नाद ऐकूं येतो, तोडतांच थांबतो. अशा मांडणीस तिकडे 'पॅच' म्हणतात. आम्ही तीस येथें 'पट' म्हणूं. पट हेंच येथील वाद्य, पट हीच स्वरलिपि, आणि पट हीच चीज. तो जतन केला म्हणजे रचना जतन झाली, असें समजण्याचा प्रघात आहे. तें समजणें कितपत खरें, याचाच पुढें विचार करावयाचा आहे.

आतां 'वितरण' म्हणजे काय तें पाहूं. पकेट यांनीं मूळ प्रतींत मोजक्याच चौकटी ठेविल्या. जगांतील इतर अनेक संगीतकारांनीं व अभियंत्यांनीं आपापल्या गरजेप्रमाणें नव्या चौकटी घडविल्या, आणि त्यांचीं भांडारें केलीं. मूळ प्रत, तिच्या भोंवतीं निवडून बसविलेलीं भांडारें, आणि वर चढविलेला पडद्याचा साज, असें एकत्र बांधून जें हातीं दिलें जातें तें वितरण. मराठी वाचकास हा प्रकार परका वाटूं नये. मूळ संहिता, तिच्यावरील टीका, शब्दकोश, परिशिष्टें आणि रेशमी बासन असें सर्व एका ठिकाणीं बांधलेली पोथी आपल्या घरोघर होती. प्रश्न इतकाच असतो कीं, वाचणाराला मूळ कोणतें आणि जोड कोणती हें ओळखूं येतें काय.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें सिद्ध झाली. पुढील तीन शतकांत तिच्या प्रती हातोहात उतरल्या जाऊन पाठभेद इतके वाढले कीं, शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथांस शुद्ध पाठ सिद्ध करण्याचें काम अंगावर घ्यावें लागलें. तें संपवितांना, यापुढें कोणीं आपल्या पदरची ओवी तींत घालूं नये, अशी ताकीदही त्यांनीं दिली. तरीही एकनाथांच्या पूर्वींचा पाठ कोणता, ही जिज्ञासा मिटली नाहीं. १९०९ सालीं राजवाड्यांनीं जुनी म्हणून एक निराळी प्रत छापली ती याच जिज्ञासेपोटीं. या इतिहासावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. संपादकावांचून ग्रंथ लोकांच्या हातीं नीट येत नाहीं, ही एक; आणि संपादकानें काय घातलें व काय काढलें याची नोंद नसेल तर पुढच्या पिढीस अंधारांत चांचपडावें लागतें, ही दुसरी. प्युअर डेटाच्या चारही आवृत्त्यांस आम्ही हीच दोन मापें लावणार आहों.

परीक्षणास एखादें खरें काम समोर असावें लागतें. तें आम्हीं जवळूनच घेतलें आहे. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी हीं गांवें मागें टाकून समुद्राकडे गेलें म्हणजे उत्तन, चौक आणि पाली हे कोळीवाडे लागतात. हा भाग आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतो. परंतु पालीच्या किनाऱ्यावर अजून बोंबील वाळत घातलेले दिसतात, आणि समुद्राची गाज दारापर्यंत येते. येथील ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नांत बायका आपल्या मराठी बोलींत गाणीं म्हणतात. तीं पुष्कळशीं तोंडींच चालत आलेलीं. म्हणणाऱ्या आजीबाई थकत चालल्या, आणि नातवंडांच्या कानांत ब्रास बँडचा व लाउडस्पीकरचा गजर अधिक. अशा घरांतील एखाद्या तरुणानें आजीचीं गाणीं फोनवर मुद्रित केलीं, आणि त्यांच्या मागें तंबोऱ्याचा आधार, घुमटाचा ठेका व समुद्राची गाज बसवून गांवापुढें मांडण्याची हौस धरिली, तर त्यानें कोणती प्रत घ्यावी? त्याच्यापाशीं पैसा बेताचा, संगणक जुना. मात्र पावसाळ्यांत मासेमारी बंद असते तेव्हां वेळ पुष्कळ. आमच्या परीक्षणांतील काल्पनिक गृहस्थ तो हा.

त्याच्या कामाचा पाया म्हणून तंबोऱ्याचा पट घेऊं. हिशेबाच्या सोयीसाठीं षड्ज सेकंदास २४० कंपांचा धरिला, तर मंद्र पंचमाची तार १८० ची, जोडाच्या दोन तारा २४० च्या, आणि खर्ज १२० चा. तार छेडल्याचा भास उत्पन्न करण्याची एक युक्ति कार्प्लस व स्ट्राँग या अमेरिकन संशोधकांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केली. क्षणभर खरखराट करावयाचा, तो किंचित् काळ अडवून ठेवावयाचा, थोडा मऊ करून पुन्हां त्याच वाटेनें फिरवावयाचा. फिरतां फिरतां तो खरखराट तारेसारखा गोड होतो. संगणक सेकंदास ४८,००० नमुने घेत असेल, तर २४० कंपांच्या तारेसाठीं बरोबर २०० नमुन्यांचा विलंब लागतो, आणि खर्जासाठीं ४०० चा. पंचमास मात्र २६६ व दोनतृतीयांश असा अपूर्णांक येतो. म्हणून दोन नमुन्यांच्या मधली किंमत काढणारी चौकट तेथें वापरावी लागते. पीडी आपलें काम ६४ नमुन्यांच्या घासांनीं करते. त्यामुळें फिरता विलंब एका घासाहून लहान करतां येत नाहीं, आणि ७५० कंपांच्या वरची तार हवी असल्यास त्या भागापुरता घास लहान करावा लागतो. तंबोऱ्यास ही अडचण मुळींच नाहीं. हा सगळा पट मूळच्याच चौकटींत बसतो, म्हणून चारही आवृत्त्यांत तो सारखाच बोलतो, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

येथें एक भ्रम दूर करणें अवश्य आहे. अमक्या वितरणांत हिंदुस्थानी संगीत चांगलें होतें आणि तमक्यांत होत नाहीं, अशी समजूत नवशिक्यांत आढळते. ती निराधार आहे. पट्टीच्या क्रमांकावरून कंपसंख्या काढून देणारी जी चौकट चारही ठिकाणीं आहे, ती पाश्चात्य समविभागाचें गणित करते. त्या गणितानें २४० च्या षड्जाचा शुद्ध गांधार ३०२.४ येतो. तंबोऱ्यांतून आपोआप उमटणारा गांधार ३०० चा, कारण त्याचें षड्जाशीं प्रमाण ५ ला ४ असें आहे. दोन्ही एकदम वाजले म्हणजे सेकंदास दोन-अडीच हेलकावे कानास जाणवतात. याच फरकाचें मोजमाप आपल्या इकडे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं केलें, आणि १९१० सालीं बावीस श्रुतींवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. देवलांचा गांधार हवा असल्यास चौकटींत ३०० हा आंकडा हातानें लिहावा, म्हणजे झालें. तो कोणतेंही वितरण अडवीत नाहीं, आणि कोणतेंही आपण होऊन देतही नाहीं. कानाचें काम कानानेंच केलें पाहिजे.

आतां क्रमानें एकेक आवृत्ति घेऊं. पहिली मूळ प्रत. तिला 'व्हॅनिला' म्हणतात, म्हणजे वरून कांहीं न घातलेली, साधी. ही पकेट यांची स्वतःची. आकारानें लहान, जुन्या संगणकावर चालते. तळहाताएवढ्या 'रास्पबेरी पाय' संगणकावरही चालते. तिचें रूप मात्र रुक्ष आहे. पांढरा कागद, काळ्या रेघा, बारीक अक्षर. चुकलेलें पाऊल मागें घेण्याची सोयही फार दिवस एकाच पावलापुरती होती. नवशिक्यास पहिल्या भेटींत ती शिष्ट आणि अबोल वाटते. परंतु हिचा जो गुण आहे तो सहवासानें कळतो. जुना पट उघडला पाहिजे, या व्रतास पकेट यांनीं फार जपलें आहे. फिलिप मनूरी या फ्रेंच संगीतकाराची बांसरी व संगणक यांसाठींची 'ज्युपिटर' ही रचना १९८७ ची. ती इर्काममधील '४एक्स' नांवाच्या अवाढव्य यंत्रासाठीं लिहिलेली होती. तें यंत्र कालबाह्य झालें. परंतु पकेट यांनीं ती रचना प्युअर डेटांत उतरविली, आणि आज ती साध्या संगणकावर वाजवितां येते. शिवाय पटाची फाइल हा निव्वळ मजकूर असतो. उद्यां हें सॉफ्टवेअरच नाहींसें झालें, तरी ती फाइल कोणत्याही लेखनसाधनांत उघडून, कोणती चौकट कोठें होती आणि कोणती रेघ कोणास जोडली होती, हें डोळ्यांनीं वाचतां येईल. ज्या कृतीस पुढच्या पिढीपर्यंत जावयाचें आहे, तिच्यासाठीं या गुणाचें मोल मोठें आहे.

दुसरी आवृत्ति 'पीडी-एक्सटेंडेड'. ही आतां इतिहासजमा झाली आहे, तरी तिच्यावांचून हें परीक्षण अपुरें राहील. कारण शिकण्यासारखा धडा तिनेंच दिला. हान्स-क्रिस्टोफ स्टायनर यांच्या पुढाकारानें ही बांधली जात असे. त्या काळच्या बहुतेक प्रसिद्ध भांडारांचा तींत समावेश होता, आणि तीं आरंभींच आपोआप उघडीं होत. विद्यार्थ्यानें ती उतरवून घ्यावी आणि तात्काळ कामास लागावें, चित्र हवें तर चित्र, ध्वनि हवा तर ध्वनि. अनेक विद्यालयांत व कार्यशाळांत कित्येक वर्षें हीच शिकविली जात होती, आणि त्या काळीं ती शिकविणारांस आम्ही दोष देणार नाहीं. परंतु या सुखाच्या पोटांतच दुःख होतें. सर्व भांडारें नेहमीं उघडीं असल्यामुळें रचनाकारास आपण कोणाकडून काय उसनें घेतलें याची शुद्धच राहत नसे. एकाच नांवाची चौकट दोन भांडारांत असली तर त्यांतली कोणती मिळेल, हें भांडारें उघडण्याच्या क्रमावर अवलंबून असे. इतकी मोठी मोळी तीन निरनिराळ्या जातींच्या संगणकांसाठीं वारंवार बांधावयाची, आणि तींतील कित्येक भांडारांचे मूळ कर्ते दुसऱ्या उद्योगास लागलेले; हा भार थोड्याच खांद्यांवर होता. २०१३ सालीं ०.४३.४ ही तिची अखेरची आवृत्ति निघाली, आणि पुढें काम थांबलें.

मग काय झालें? त्या काळचे पट मूळ प्रतींत उघडले म्हणजे कित्येक चौकटींभोंवतीं तुटक रेघ दिसते. ही चौकट मला ठाऊक नाहीं, असें सांगण्याची ती मूळ प्रतीची रीत. चौकट कोणत्या भांडारांतील, हें पटावर कोठें लिहिलेलें नसतें. लिहिण्याची कोणास गरजच पडली नव्हती. भांडारें कोठेंतरी असतात, त्यांतील पुष्कळ पुन्हां मिळवितांही येतात. परंतु काय शोधावयाचें हेंच ठाऊक नसेल तर शोधणार काय? रचना मेली ती साहित्याच्या अभावीं नव्हे, नोंदीच्या अभावीं मेली. पालीच्या आमच्या तरुणानें २०१० सालीं असा पट केला असता, तर आज आजीच्या आवाजाची फाइल शाबूत असती, पण तिच्या मागचा घुमट मुका असता.

तिसरी आवृत्ति 'पर डेटा'. मांजराच्या सुखाच्या घुरघुरीवरून हें नांव घेतलेलें आहे. अमेरिकेंतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठांत इविका बुकविच यांनीं २००९ सालीं विद्यार्थ्यांचा संगणकवाद्यवृंद उभारला, आणि त्यासाठीं पीडीची एक शाखा काढिली. तिचें नांव 'पीडी-एल-टू-ऑर्क'. तिच्यांतूनच जोनाथन विल्क्स यांच्या परिश्रमानें पर डेटा निघाली. एक्सटेंडेडमधील पुष्कळ भांडारें हिनें संभाळलीं, पडद्याचें रूप नव्यानें घडविलें, आणि कितीही पावलें मागें जाण्याची सोय केली. कार्यक्रमाच्या ऐन वेळीं वृंदांतील विद्यार्थ्याचा हात चुकला तर काय, या व्यावहारिक काळजीतून ही शाखा वाढली आहे, हें तिच्या प्रत्येक सोयींत दिसतें. हिच्यांतील कांहीं सुधारणा पुढें मूळ प्रतीनेंही स्वीकारिल्या. फांदीनें खोडास पोसावें, असें हें उदाहरण आहे. दोष सांगावयाचे तर दोन. पडद्याचें रूप उभारण्यासाठीं तिनें वेबवरील पानें दाखविणारें यंत्रच पोटांत घेतलें, म्हणून जुन्या संगणकावर ती जड जाते. दुसरें, ती मूळ प्रतीपासून बरीच पूर्वीं फुटून आपल्या वाटेनें गेली. दोघींत देवघेव राहिली, तरी दोघींचें पाऊल एकाच वेळीं पडत नाहीं. जुने एक्सटेंडेडचे पट उघडून पाहण्यासाठीं मात्र ही अद्याप उपयोगी आहे, आणि त्या कामीं तिची शिफारस करण्यास आम्हांस संकोच नाहीं.

चवथी आणि सर्वांत तरुण आवृत्ति 'प्लगडेटा'. टिमोथी स्कून यांनीं ती २०२२ सालीं प्रसिद्ध केली. रूप सुबक, अक्षर वाचनीय, आणि प्रत्येक चौकटीची माहिती हातापाशीं. तिच्याबरोबर ब्राझीलचे अलेक्झांद्रे तोरेस पोरेस यांच्या देखरेखीखालचीं 'एल्स' व 'सायक्लोन' हीं दोन मोठीं भांडारें येतात. तिचा खरा विशेष निराळाच आहे. ध्वनिमुद्रण व संकलन करण्याच्या प्रचलित सॉफ्टवेअरांत ती एखाद्या वाद्याप्रमाणें आंत बसविता येते; त्यामुळें आजीचें गाणें एका पट्टीवर आणि त्याखालीं तंबोऱ्याचा जिवंत पट, असें काम एकाच ठिकाणीं होतें. आणि इतका साज असूनही तिच्या पोटांतील गाभा मूळ पीडीचाच आहे. तिच्यांत केलेला पट मूळ चौकटींचाच असेल, तर तो व्हॅनिलांत जसाच्या तसा उघडतो; 'एल्स'ची चौकट वापरली असेल, तर तें भांडार व्हॅनिलासाठींही निराळें आणतां येतें. हा मोठाच गुण आहे. परंतु ती वयानें लहान आहे, भराभर बदलते, आणि मुख्य भार अजून थोड्यांच्याच खांद्यावर आहे. एक्सटेंडेडचा इतिहास ज्यास ठाऊक आहे तो या शेवटच्या वाक्यावर थोडा थबकेल.

यावर कोणी म्हणेल कीं, मग मूळ प्रतच घ्या, बाकी सर्व टाकून द्या. हें मत जाणत्यांत पुष्कळ आहे, आणि त्यांत शुद्धतेचा थोडा अहंकारही आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. भातखंडे व पलुसकर यांच्या स्वरलेखनपद्धती निराळ्या. त्यांपैकीं भातखंड्यांची लिहिण्यास व छापण्यास सोपी, म्हणून ती अधिक पसरली. ज्या साधनानें शिकणाराचा उत्साह पहिल्याच आठवड्यांत मावळतो, त्याची शुद्धता कोणाच्या कामाची? एकनाथांची प्रत हातीं नसती, तर ज्ञानेश्वरी किती घरांत वाचली गेली असती, याचा विचार शुद्धतावाद्यांनीं करावा. संपादकास हिणवून मूळाचा मान वाढत नाहीं. उलट, साज गोड लागतो म्हणून मूळ कोणतें हेंच विसरणें, हीही तितकीच घातक चूक. आणि एक्सटेंडेडच्या काळीं ती एका सबंध पिढीनें केली.

वादाचा निकाल, आमच्या मतें, आवृत्तीच्या नांवांत नसून रचनाकाराच्या संवयींत आहे. २०१६ सालापासून मूळ प्रतींतच, ०.४७ या आवृत्तीपासून, हवें तें भांडार शोधून आणण्याची सोय आहे. आणि 'डिक्लेअर' नांवाची एक चौकट आहे, जींत हा पट अमुक भांडाराच्या आधारावर उभा आहे, असें लिहून ठेवितां येतें. म्हणजे सगळें घर डोक्यावर घेऊन फिरण्याऐवजीं लागेल तेवढेंच उसनें आणावें, आणि कोणाकडून आणलें तें दारावर लिहावें, अशी ही रीत. व्यवहारांत ज्यास आपण उसनवारीचा हिशेब म्हणतों, तोच येथें रचनेचा प्राण राखतो.

तेव्हां पालीच्या त्या तरुणास आमची सल्ला अशी. आरंभ प्लगडेटानें करावा. तिचें रूप त्यास घाबरविणार नाहीं, आणि गाण्याबरोबर काम करण्याची सोय त्यास तेथेंच मिळेल. त्याचा संगणक तिचा भार सोसण्यासारखा नसेल, तर व्हॅनिला घ्यावी. पहिले चार दिवस कंटाळ्याचे जातील, पांचव्या दिवशीं तंबोरा वाजूं लागेल. मात्र कोणत्याही आवृत्तींत काम केलें, तरी रचना पुरी झाली असें म्हणण्यापूर्वीं ती एकदां मूळ प्रतींत उघडून पाहावी. जेथें तुटक रेघ दिसेल, तेथें एक तर ती चौकट मूळच्या चौकटींनीं पुन्हां बांधावी, नाहीं तर तिचें भांडार पटाशेजारीं ठेवून त्याचें नांव पटावर लिहावें. तंबोरा, घुमटाचा ठेका असे आपले स्वतःचे भाग निराळ्या पटांत करून त्यांस मराठी नांवें द्यावीं. पीडींत अशा जतन केलेल्या पटाचें नांव चौकटींत लिहिलें म्हणजे तो पटच नवी चौकट होऊन बसतो, आणि उसनवारी तितकी कमी होते. मूळ आवाजाची फाइल पटाहून अलग जपावी. षड्ज किती कंपांचा, गांधार कोणता, ठेका किती मात्रांचा, गाणें कोणत्या प्रसंगाचें, हें सर्व साध्या मराठींत एका कागदावर लिहून ठेवावें. सॉफ्टवेअर बदलेल, संगणक बदलेल. तो कागद वाचून दुसरा कोणीही तें वाद्य पुन्हां उभारूं शकेल.

हा शेवटचा उपाय कित्येकांस गांवठी वाटेल. परंतु मनूरीची रचना यंत्र गेल्यावरही उरली, ती कोणीतरी तिचा अर्थ जाणून तो पुन्हां लिहिला म्हणून उरली. निव्वळ पेटाऱ्यांत जपली म्हणून नव्हे. आमच्याकडे घराण्यांच्या चिजा अशाच उरल्या, आणि ज्या कोणीं कोणास सांगितल्या नाहींत त्या गेल्या. आजीचीं गाणीं आजवर वह्यांवांचून टिकलीं, कारण प्रत्येक लग्नांत तीं पुन्हां म्हटलीं गेलीं. संगणकावरील रचनेसही हाच नियम लागू आहे. जी पुन्हां पुन्हां उघडली जाईल, जिचा अर्थ दुसऱ्यास समजेल, आणि जी आपलें ऋण उघड सांगेल, ती टिकेल. चारही आवृत्त्यांपैकीं कोणतीही हें काम आपल्याऐवजीं करणार नाहीं. परंतु पहिली व चवथी आपणांस तें करूं देतात, तिसरी जुनें उघडण्यास मदत करते, आणि दुसरी न केल्याचें फळ दाखविते. आमचा अभिप्राय इतकाच आहे.